निळ्याच्या फळीवर हिरवं

पोरीला वागायची रीत नाही, हे ओकनामचं जुनंच गाऱ्हाणं होतं. पण आज पोरीनं कळस केला. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं. गिऱ्हाईक तरी कसलं, तर पोराचं लग्न काढलेली वरमाय, जिच्यामागून अजून दोन मावश्या आणि एक आत्या माप द्यायला यायच्या. ओकनामनं फळीवरून रेशमाचं ठाण ओढून एका झटक्यात गादीवर उलगडलेलं, "हे घ्या, आभाळाचा रंग. नवऱ्यामुलाच्या आईनं ह्याच्याखाली उतरूच नये," असं तोंडभरून म्हटलेलं, आणि तेवढ्यात मागच्या स्टुलावर वही मांडीवर घेऊन बसलेली ही अठरा वर्षांची नात, सेबोम, मान वर करून म्हणाली, "आजी, ते निळं नाही. हिरवं आहे."

तेवढंच बोलली. ओकनामनं वरमायकडे पाहिलं. वरमाय गादीवरच्या कापडाकडे बघत नव्हती. ती ओकनामच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं. म्हणजे हिलाही दिसलं होतं. पोर बोलायच्या आधीच दिसलं होतं, आणि ही बाई म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला गप्प बसली होती. ओकनामला पहिलं लागलं ते हे.

"असू द्या हो आजी," वरमाय हसत म्हणाली. "हिरव्यात मी पाच वर्षांनी लहान दिसेन."

"दिसाल की!" ओकनाम म्हणाली. जीभ तिची कधी अडलेली नव्हती, आताही अडली नाही. "पण लग्नात तुमची विहीण गुलाबी घालून लाल मेणबत्ती पेटवणार, निळी तुम्ही पेटवायची, आणि अंगावर तुमच्या हिरवं! पाहुणे म्हणतील, मुलीची आई ती, मुलाची आई कुठंय, आणि ही तिसरी बया कोण?" वरमाय मनापासून हसली. "आणि हिरवं काय, निळं काय, माझ्या आईच्या तोंडात दोन्हीला एकच शब्द. फुरुन. आभाळ फुरुन, भाताचं रोपही फुरुन. चौकातल्या हिरव्या दिव्याला आजही अख्खं देगू शहर निळा दिवाच म्हणतं, तेव्हा कुणी कुणाची चूक काढत नाही. हल्लीच्या पोरींना शिकवणीत नवी नावं पढवतात, म्हणून वाटतं जुनी माणसं चुकली."

सेबोम तोवर उठली होती. तिनं वरच्या फळीवरून दुसरं ठाण काढलं, गादीवर पहिल्याशेजारी टाकलं आणि परत स्टुलावर जाऊन बसली. वरमायनं ते दुसरंच घेतलं. जाताना ती निरोपाला वाकली, पण नेमकी कुणाला वाकली ते कळलं नाही. आजी आणि नात ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेला वाकल्यासारखी वाकली.

"जा, जेवण आण," ओकनाम म्हणाली. "सुरीनं कापलेल्या शेवया, दोन वाडगे. माझ्यात पातीचा कांदा जास्त घालायला सांग."

"रागावलीस?"

"राग माणसावर येतो. जा."

पोर गेली. शनिवारची दुपार, सोमुन बाजारात शेवयांच्या बाकड्यांवर माणसाला माणूस चिकटून बसलेलं. अर्धा तास तरी येत नाही. ओकनाम गादीवर बसली. समोर दोन्ही कापडं तशीच उलगडलेली, वरमायसाठी कापून उरलेलं एक, आणि पहिलं, जे तिनं आभाळाचं म्हणून काढलं होतं. ती दोन्हींकडे बघत राहिली. शब्दाचं म्हणणं गिऱ्हाईकापुरतं बरं होतं. एकट्या बाईला ते पुरत नाही. फुरुन म्हणणाऱ्या तिच्या आईला रोप आणि आभाळ ह्यांतला फरक काय दिसत नव्हता? चांगला दिसत होता. शब्द एक असला तरी डोळे दोन होते, आणि आई काही आभाळ उपटून चिखलात लावायला जात नव्हती. प्रश्न शब्दाचा नव्हताच. प्रश्न हा होता की आत्ता, भर दुपारी, दारातून उजेड येत असताना, ही दोन कापडं तिला एकाच पाण्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. थोडी मळकी, थोडी करडी, आणि दोन्ही सारखीच.

दोन कापडं शेजारी ठेवायची, हे तिला सासूनं शिकवलं होतं. सासू म्हणजे जहर. बावन्न वर्षं रेशीम विकलं त्या बाईनं, आणि सुनेला शिकवताना एका रंगाचं नाव कधी सांगितलं नाही. "एकटं कापड खोटं बोलतं," ती म्हणायची, "शेजारी दुसरं आणून बसव, मग त्याच्या तोंडून खरं निघतं. माणसाचंही तसंच." राखाडी कापडाचा तुकडा लाल ठाणावर ठेवायची आणि विचारायची, काय दिसतं? हिरवटलेला दिसतो. तोच तुकडा उचलून हिरव्यावर ठेवायची. आता? आता गुलाबी झाक मारतो. "कापड बदललं का?" नाही. "मग काय बदललं?" सासू गजाच्या पट्टीनं एकोणीस वर्षांच्या ओकनामच्या गुडघ्यावर हळूच मारायची. "शेजार बदलला, मुली. सून झालीस ना, तुला हे कळायला नको?" ते टोचून बोलणं खरं किती आणि धंद्याचं किती, हे ओकनामला अजूनही ठरवता येत नव्हतं. पण बाईनं डोळा दिला. गालाजवळ कापड धरून कुठल्या मुलीला थंड लाल शोभेल नि कुठलीला ऊन लाल, हे ओकनाम दारातून आत येणाऱ्या पावलावरून सांगायची. नवऱ्यामागं मुलगा वाढवला, सासूला शेवटपर्यंत पोसलं, ह्या बाजाराला दोनदा आग लागली तेव्हा दोनदा उभी राहिली, ते ह्या डोळ्याच्या जोरावर. बाकीच्या बायका हिशेब करायच्या, गोड बोलायच्या, ती नुसतं बघायची.

आणि चित्रकलेच्या शिकवणीला जाणारी ही पोर जानेवारीत एक दिवस दुकानात आली नि म्हणाली, "आजी, फळ्या मी लावू? आम्हाला वीस रंगांचं चक्र शिकवलंय." चक्र म्हणजे काय, तर लालापासून निघायचं, नारिंगी, पिवळं, हिरवं, निळं, जांभळं करत पुन्हा लालापाशी यायचं, मध्ये कुठं उडी नाही, प्रत्येकाच्या शेजारी त्याचाच सख्खा. ओकनाम म्हणाली, गिऱ्हाईक चक्राला येत नाही, कापडाला येतं. पण चांद्र नवं वर्ष तोंडावर होतं, साफसफाई व्हायचीच होती, म्हणून लावू दिलं. पोरीनं तिन्ही भिंती लावल्या. डाव्या हाताला उन्हाचे रंग, उजव्या हाताला पाण्याचे, समोर मधले. बोलत होती सारखी. आजी, रंगाला तीन गोष्टी असतात, एक त्याचं नाव, एक तो किती उजळ, एक तो किती कडक. ओकनाम म्हणाली, माणसालाही तीनच असतात, कुळ, रूप आणि तोंड. तुला तिसरं जास्त मिळालंय. दोघी हसल्या होत्या. दुकानाला तेव्हा देखणेपण आलं होतं, हे तिनं पोरीला सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी ते दुसरं झालं. पोरीनं लाल रेशमाचा हातभर तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवला नि म्हणाली, "आजी, ह्याच्याकडे टक लावून बघ. तीस मोज. मग मी तुकडा उचलते, तू कागदाकडेच बघत राहा."

"मला कामं आहेत."

"अगं गंमत आहे! कागदावर हिरवं दिसतं. नसलेलं हिरवं. लाल बघून बघून डोळा दमतो, मग पांढऱ्यातून लाल तेवढं गाळतो नि उरतं ते हिरवट. सर म्हणतात, समोरासमोरचे रंग असे एकमेकांना बोलावतात."

"तुझ्या सरांना दिसत असेल."

"सगळ्यांना दिसतं, आजी. सगळ्यांना."

त्या शब्दाशी ओकनामचा हात ठाणावर थांबला होता. पोरीला काय कल्पना! लाल कापडाकडे ओकनाम कधी टक लावत नसे. उभ्या आयुष्यात हजारो नवऱ्यामुलींना लाल घागरे विकले, पण बघायची ते कडेकडेनं, निखारा हातात घेतल्यासारखं, उचलला नि ठेवला. का, ते कुणाला माहीत नव्हतं. सासूलाही नाही. तिच्या लग्नात, एकोणिसाव्या वर्षी, अंगात हिरवी चोळी नि खाली लाल घागरा घालून तिला चटईवर बसवली होती; नवरीनं नजर वर करायची नाही, हसायचं नाही, हसली तर पहिली मुलगी होते, म्हणून दोन बाजूंनी दोन काकू दंड धरून बसलेल्या. तासन् तास तिला दिसत होता तो फक्त मांडीवर पसरलेला लाल रंग. उन्हात तो जळत होता. भूक, कोंबड्यांचा आवाज, तांदळाच्या दारूचा वास, सगळं त्या लालाच्या कडेनं चाललेलं. मग कुणीतरी म्हणालं, बघ आता, आणि तिनं मान वर केली. पांढऱ्या कागदाच्या दारापुढं नवरा उभा होता, आणि त्याचा चेहरा हिरवा होता. तळ्यातून वर काढलेल्या माणसासारखा. डोळे मिटून उघडले तरी हिरवाच. मग तो हसला, रंग विरला, आणि साधा, थोडा लाजलेला, मोठ्या कानांचा तरुण उरला. ती काही बोलली नाही. कुणाशी बोलणार? बारा वर्षांनी तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा सगळे म्हणाले, अचानक गेला. ओकनामला ते अचानक वाटलं नाही. तिनं आधीच पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि सांगितलं नव्हतं. कधी वाटे, पाहिलं म्हणूनच झालं. तिच्या नजरेनंच त्या माणसावर मरण ठेवलं. हे ओझं तिनं शेहेचाळीस वर्षं वाहिलं, आणि खोटं कशाला बोला, त्या ओझ्याच्या तळाशी थोडा ताठाही होता. माझा डोळा आहे तेच बघतो असं नाही, व्हायचंय तेही बघतो. असा डोळा असलेल्या बाईला कापडातलं काय कळणार नाही!

आणि पोर म्हणते, सगळ्यांना दिसतं. चित्रकलेच्या पहिल्या महिन्याच्या शिकवणीतला धडा. दहा-वीस पोरं एका खोलीत बसून लाल तुकड्याकडे बघतात, तीस मोजतात, हिरवं दिसलं की हसतात. तेव्हा ओकनाम पोरीवर खेकसली होती, "डोळे दमत नाहीत. माणसं दमतात," आणि तिला झाडू आणायला पिटाळली होती.

आता तिला ते सगळं एकदम आठवलं, कारण दोन्ही गोष्टी एकाच नाडीत ओवलेल्या होत्या. आजचा डोळा चुकला असेल तर तेव्हाचाही चुकला असेल. तेव्हाचा खरा धरायचा तर आजचाही खराच म्हणावा लागेल, आणि गादीवर तर हिरवं पडलं होतं. एक गाठ ठेवून दुसरी सोडता येत नव्हती.

ती उठली नि निळ्याच्या भिंतीकडे गेली. पाहिलं, तर फळीवर काल आलेली नवी ठाणं खुपसलेली होती. तिच्या मुलाचं काम. त्याला डोळा नाही, पाठ आहे, तो ओझी उचलतो नि दिसेल त्या पोकळीत कोंबतो. म्हणजे नवी हिरवी ठाणं निळ्यांत घुसली होती. सुटल्यासारखं वाटलं तिला, क्षणभरच. मग दुसरं लक्षात आलं. फळी बिघडल्यावर ती चुकली. फळी बिघडली नव्हती तोवर चुकली नव्हती. जानेवारीपासून तिचा हात खांद्याच्या उंचीवर जाई, डावीकडून तिसरं ठाण काढी, तोंड म्हणे आभाळ, आणि आभाळ निघे. ती समजत होती, डोळा काढतोय. हात काढत होता. आणि हाताला सापडावं म्हणून कुणीतरी दर शनिवारी येऊन, शिकवणीचा अभ्यास करायच्या मिषानं, सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवत होतं. आज यायला उशीर झाला, आणि वरमाय आधी आली.

स्टुलावर पोरीची वही पडली होती. दुसऱ्याची वही उघडू नये एवढी अक्कल ओकनामला होती, आणि घरातलं काहीही दुसऱ्याचं नसतं एवढा हक्कही. तिनं उघडली. शाळा तिची चौथीत सुटली, पण अक्षर लागायचं. जानेवारीचं पान. पानावर दोन चक्रं काढलेली, शेजारी शेजारी, वीस-वीस घरांची. दोन्हींवर सरांची लाल खूण. तिला वाटलं, पोर एकदा चुकली असेल म्हणून पुन्हा काढलं असेल. पण चूक कुठं दिसेना. दोन्ही सारखीच होती. लाल ठसठशीत, पिवळं ठीक, आणि खाली उजव्या बाजूची पाच-सहा घरं ब्रश धुतलेल्या पाण्यानं रंगवल्यासारखी. रंगाचा हात नाही पोरीला, असं तिच्या मनात आलंसुद्धा. मग तिनं वही दाराशी नेली, उजेडात धरली, आणि खालची अक्षरं वाचली. पहिल्या चक्राखाली लिहिलं होतं, वीस रंग. दुसऱ्याखाली लिहिलं होतं, वीस रंग, आजीला दिसतात तसे.

ती पहिल्याकडे बघे, मग दुसऱ्याकडे. पुन्हा पहिल्याकडे. एकटं कापड खोटं बोलतं. इथं तर दोन शेजारी होती, आणि दोन्ही गप्प होती. बाहेर हातगाडीवाला वाट मागत ओरडत होता. समोरच्या दुकानातली बाई काहीतरी विचारत होती, ओकनामनं नुसती मान हलवली. मग आत आली, डाव्या भिंतीवरचं लाल ठाण काढलं, हे काढताना चूक व्हायची भीती नव्हती, लाल तिला अजून पुरतं दिसत होतं. गादीवर घेऊन बसली. हातभर उलगडून मांडीवर घेतलं. आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं त्याच्याकडे टक लावून बघितलं. एक, दोन, तीन. दहापाशी डोळ्यांत पाणी आलं. वीसपाशी लालाच्या कडा हलायला लागल्या, कोंबड्या ओरडायला लागल्या, दंडांवर काकूंची बोटं रुतली. तीसला तिनं मान वर केली नि वहीच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. आलं. फिकं, कोवळं, पाण्यातून वर येणाऱ्या शेवाळासारखं हिरवं, चौकोनी, तिच्या मांडीएवढं. त्यात कुणाचा चेहरा नव्हता. ते थोडा वेळ तरंगलं नि विझलं, आणि पान पुन्हा पान झालं.

ओकनाम रडली नाही. शेहेचाळीस वर्षांचं रडणं एका वहीच्या पानासाठी बाहेर काढायला ती काही खुळी नव्हती. फक्त मोठे कान असलेला तो लाजरा तरुण तिला दिसला, साध्या माणसाच्या रंगाचा, आणि तिला वाटलं, बिचारा आपला आजारी पडला आणि गेला. कुणी केलं नाही. मग लगेच, त्याच्या पाठोपाठ, राग आला. इतका स्वच्छ राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता.

सेबोम दोन वाडगे सांभाळत आत आली. "कांदा जास्त घालायला सांगितला, तर ती बाई म्हणते, तुझी आजी नुसता कांदाच का खात..." आणि थांबली. वही गादीवर उघडी होती.

"ठेव ते खाली. सांडशील रेशमावर."

पोरीनं वाडगे खाली ठेवले.

"ह्यांतलं खरं कुठलं? बोट ठेव."

पोरीनं पहिल्यावर बोट ठेवलं.

"आणि हे माझं?"

"हो."

"मला दोन्ही सारखीच दिसतात," ओकनाम म्हणाली. बोलून झाल्यावर तिला जाणवलं, हे वाक्य तोंडातून काढताना जीभ अडेल अशी भीती होती, पण अडली नाही.

"आजी, मोतीबिंदू असेल गं, सरांच्या आईला होता, लगेच निघतो, दुसऱ्या दिवशी दिसायला..."

"ते नंतर. माहीत कधी झालं तुला?"

"नव्या वर्षाच्या आधी. तू काळा दोरा म्हणून गडद निळा ओवलास तेव्हा."

"आणि फळ्या?"

"बाबा म्हणाले, सांगू नको. म्हणाले, आजीचा जीव त्या डोळ्यांत आहे, कळलं तर ती झोपेल नि उठणार नाही." पोरीच्या नाकातून पाणी यायला लागलं होतं, तिनं ते बाहीनं पुसलं. "आज मला राहवलं नाही. ती बाई तशीच घेऊन गेली असती. सगळ्यांसमोर उभी राहिली असती हिरव्यात. चुकलं माझं. गिऱ्हाईकासमोर नको होतं बोलायला."

"नाक नीट पूस. बस इथं." पोर समोर बसली. ओकनामनं शेवयांचा एक वाडगा तिच्याकडे सरकवला, चमचा तिच्या हातात दिला, आणि मगच बोलली, हळू, एकेक शब्द गजानं मापल्यासारखी:

"ऐक. गिऱ्हाईकासमोर तोंड उघडलंस, ते चार महिन्यांतलं तुझं एकच शहाणपण. बाकीचे चार महिने गुन्हा. माझा डोळा गेला तर तो माझा गेला, रडेन, ओरडेन, वैद्याकडे जाईन, नाहीतर नाही जाणार, ते मी बघेन. पण मला न सांगता माझ्या हाताखालची फळी बदललीस, आणि मला वाटू दिलंस की मीच बघतेय. त्याला माया म्हणत नाहीत, सेबोम. जिवंत माणसाला परस्पर म्हातारं करून टाकणं म्हणतात. तुला माफी नाही. जेव."